सर्व्हरवरची फायरवॉल: काढण्याआधी बघा कोण कोणावर टेकलंय

महापे, रबाळे, ऐरोली किंवा इकडे वागळे इस्टेटमध्ये सिस्टम अ‍ॅडमिन म्हणून नवीन लागलेली मुलं-मुली पहिल्या काही महिन्यांत एक प्रश्न हमखास विचारतात: "मॅडम, फायरवॉल तर बंद दाखवतोय, मग पोर्ट ब्लॉक कसा?" किंवा याच्या बरोबर उलटं, "मी पोर्ट बंद केला तरी बाहेरून उघडतोय." दोन्हीचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. लिनक्स सर्व्हरवर फायरवॉल नावाची एकच वस्तू नसते, चार थर असतात एकमेकांवर टेकलेले, आणि आपण त्यातला एकच थर बघून निर्णय घेतो. मी हे सगळं काम करता करता शिकले, कोणी एका जागी बसून समजावलं नाही, म्हणून इथे क्रमाने लिहून ठेवते.

कमांड देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थात इंग्रजीतच टाइप करायच्या.

आधी हे जवळ ठेवा

- रूट किंवा सुडो अ‍ॅक्सेस.
- सर्व्हरचा कन्सोल (नेटवर्क तुटलं तरी सर्व्हरपर्यंत पोहोचायची वेगळी वाट), म्हणजे आयलो, आयड्रॅक, आयपीएमआय किंवा व्हर्च्युअल मशिन असेल तर हायपरवायझरचा कन्सोल. लॉगिन आजच करून बघा, पासवर्ड चालतो का ते.
- एसएसएचची (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) दोन सेशन, एक कामाचं आणि एक नुसतं उघडं ठेवायचं.
- त्या सर्व्हरवर कुठले पोर्ट खरोखर वापरात आहेत त्याची यादी ("एसएस -टीयूएलपीएन" ने मिळते, पण अ‍ॅप्लिकेशनवाल्यांनाही विचारा, कारण महिन्यातून एकदाच चालणारा बॅकअप त्या क्षणी यादीत दिसणार नाही).
- आत्ताच्या नियमांची कॉपी: "एनएफटी लिस्ट रूलसेट" आणि "आयपीटेबल्स-सेव्ह", दोन्हीचं आउटपुट फाइलमध्ये. दोन्ही का, ते पुढे कळेल.
- चेंज तिकीट मंजूर झालेलं, आणि फिजिकल सर्व्हर असेल तर डेटा सेंटरच्या गेटपासची मेल कोणाला करायची त्याचं नाव.

कन्सोलचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. एसएसएच तुटलं आणि कन्सोल चालत नसेल तर रात्री ठाण्याहून घणसोली किंवा कोपरखैरणे गाठा, तिथून रिक्षा बघा, मग गेटवर गेटपाससाठी थांबा, आणि तोपर्यंत क्लायंटची साइट बंद.

१. चार थर ओळखा

सगळ्यात खाली कर्नल. त्यात नेटफिल्टर नावाची चौकट आहे, २००१ मध्ये आलेल्या २.४ कर्नलपासून. पॅकेट अडवणं, सोडणं, वळवणं ही खरी कामं इथेच होतात. बाकी वरचे सगळे फक्त हिला नियम भरवतात.

दुसरा थर म्हणजे नियम भरवणाऱ्या कमांड. जुनी आयपीटेबल्स, आणि नवी एनएफटी, जिचा कर्नलमधला भाग, म्हणजे एनएफटेबल्स, जानेवारी २०१४ च्या ३.१३ कर्नलमध्ये आला. गोंधळ इथून सुरू होतो कारण आयपीटेबल्स नावाच्या आता दोन कमांड आहेत. एक लेगसी, जी कर्नलच्या जुन्या भागात नियम टाकते, आणि दुसरी एनएफटीवाली, जी दिसायला तशीच, ऑप्शन तेच, पण आतून नियम एनएफटेबल्समध्ये टाकते. डेबियनने १० व्या व्हर्जनपासून (२०१९) एनएफटीवाली डिफॉल्ट केली, रेड हॅट ८ मध्येही तीच, उबुंटू २०.०४ वर मात्र लेगसी आणि २२.०४ वर एनएफटीवाली. तुमच्याकडे कुठली आहे ते बघायला "आयपीटेबल्स --व्हर्जन" मारा, कंसात लेगसी किंवा एनएफ_टेबल्स लिहून येतं. नवीन सर्व्हर हातात आला की माझी पहिली कमांड हीच असते.

तिसरा थर मॅनेजर लोकांचा. रेड हॅट, रॉकी, अल्मा, ओरॅकल या घराण्यात फायरवॉलडी, उबुंटूत यूएफडब्ल्यू, शिवाय एनएफटेबल्सची स्वतःची सर्व्हिस, आणि डेबियनकडे नेटफिल्टर-पर्सिस्टंट. हे नियम लिहून ठेवतात आणि बूटच्या वेळी परत भरतात.

चौथा थर पाहुण्यांचा, म्हणजे डॉकर (कंटेनर चालवणारं), फेल२बॅन (वारंवार चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्यांना अडवणारं), लिबव्हर्ट (व्हर्च्युअल मशिन सांभाळणारं), कुबरनेटीस (अनेक सर्व्हरवरचे कंटेनर सांभाळणारं). हे न विचारता आपापले नियम टाकतात. यांचं नाव फायरवॉलच्या यादीत कुठेच नसतं आणि अर्ध्याहून जास्त डोकेदुखी यांचीच असते असा माझा अनुभव आहे.

२. मॅनेजर खाली कशाकशावर उभा आहे ते बघा

फायरवॉलडी ही पायथनमध्ये लिहिलेली, सतत चालू असलेली सर्व्हिस आहे. तुम्ही फायरवॉल-सीएमडी मारता तेव्हा ती कमांड स्वतः काही करत नाही, डी-बसवरून (प्रोग्रामनी एकमेकांना निरोप द्यायची सोय) फायरवॉलडीला निरोप देते, फायरवॉलडी पायथनच्या एनएफटेबल्स लायब्ररीला सांगते, ती कर्नलला. म्हणजे या साखळीतलं काहीही हललं की फायरवॉल-सीएमडी रुसते. सगळ्यात कॉमन केस: कोणीतरी डेव्हलपर येतो, त्याला नवीन पायथन हवं असतं, तो सिस्टमच्या पायथन३ ची लिंक बदलून नव्या व्हर्जनकडे वळवतो, आणि दुसऱ्या दिवशी फायरवॉल-सीएमडी म्हणते "मॉड्यूल नॉट फाउंड, जीआय". लोक मग फायरवॉलडी काढून परत टाकत बसतात, त्याने काहीही होत नाही कारण बिघाड फायरवॉलडीत नाहीच, लिंक मूळ जागी आणली की चालतं. डेव्हलपरला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवून द्या, सिस्टमच्या पायथनला हात लावू देऊ नका.

यूएफडब्ल्यू पण पायथनच आहे, पण तिची सर्व्हिस सतत चालत नसते. ती ईटीसी खालच्या यूएफडब्ल्यू फोल्डरमध्ये नियम लिहिते आणि आयपीटेबल्सच्या हातून भरते. त्यामुळे आयपीटेबल्स पॅकेज काढलं तर यूएफडब्ल्यू पण जाते. सरळ एनएफटी वापरायचं ठरवून "आता आयपीटेबल्स कशाला" म्हणत ते उडवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, डॉकरचं पॅकेजही त्याच्यावरच अवलंबून असतं.

३. काढण्याआधी रंगीत तालीम करा

रेड हॅट घराण्यात (तिथे पॅकेज टाकायची-काढायची कमांड डीएनएफ):

"डीएनएफ रेपोक्वेरी --इन्स्टॉल्ड --व्हॉटरिक्वायर्स फायरवॉलडी", म्हणजे फायरवॉलडीवर कोण टेकलंय.
"डीएनएफ रिमूव्ह फायरवॉलडी --अझ्यूमनो", म्हणजे काढलं तर सोबत काय काय जाईल ते दाखव, पण काढू नकोस.

उबुंटू-डेबियनमध्ये:

"एपीटी-कॅश आरडिपेंड्स --इन्स्टॉल्ड आयपीटेबल्स"
"एपीटी-गेट --सिम्युलेट रिमूव्ह आयपीटेबल्स"

येणारी यादी पूर्ण वाचा. घाईत वाय दाबू नका. डीएनएफ डिफॉल्टने अनाथ झालेली पॅकेजही सोबत काढतो, त्यामुळे यादी अपेक्षेपेक्षा लांब असते.

टाकतानाही हीच तालीम. उबुंटूच्या नव्या व्हर्जनवर आयपीटेबल्स-पर्सिस्टंट टाकायला गेलात तर यादीत खाली "हे काढलं जाईल: यूएफडब्ल्यू" अशी ओळ येते, कारण दोघांनी एकत्र नांदायचं नाही असं पॅकेजमध्येच लिहिलंय. ती ओळ न वाचता पुढे गेलात तर तुमची चालू फायरवॉलच काढली गेली.

फेल२बॅनचं उदाहरण नीट समजून घ्या, कारण यात दोन्ही बाजूंनी फसायला होतं. ईपीईएलमधलं (रेड हॅट घराण्यासाठी जास्तीच्या पॅकेजचं भांडार) फेल२बॅन नावाचं पॅकेज म्हणजे नुसती पिशवी आहे, त्यात फेल२बॅन-सर्व्हर असतं आणि फेल२बॅन-फायरवॉलडी पण असतं, आणि या दुसऱ्याला फायरवॉलडी लागतं. आता तुम्ही विचारपूर्वक फायरवॉलडी काढून एनएफटेबल्सवर गेलात, महिनाभराने कोणी सिक्युरिटीवाला म्हणाला फेल२बॅन टाका, तुम्ही टाकलं, तर फायरवॉलडी मागच्या दाराने परत आत. आणि उलट, फेल२बॅन चालू असलेल्या सर्व्हरवरून फायरवॉलडी काढलं तर ती पिशवीपण जाते, आणि पासवर्ड ठोकत बसणारे बॉट मोकळे. एनएफटेबल्सवर राहायचं असेल तर फक्त फेल२बॅन-सर्व्हर टाका आणि त्याच्या लोकल कॉन्फिगमध्ये बॅन-अ‍ॅक्शन "एनएफटेबल्स-मल्टिपोर्ट" ठेवा.

४. "अ‍ॅक्सेप्ट" आणि "ड्रॉप" यांचं वजन सारखं नसतं

हा मुद्दा समजला की निम्मे प्रश्न सुटतात म्हणून जरा थांबून वाचा.

एनएफटेबल्समध्ये एकाच वेळी अनेक टेबल असू शकतात. फायरवॉलडीचं स्वतःचं, आयपीटेबल्समधून आलेलं वेगळं, तुमचं हाताने लिहिलेलं आणखी वेगळं. पॅकेट प्राधान्यक्रमाने प्रत्येकाच्या चेनमधून, म्हणजे नियमांच्या साखळीतून जातं. एका टेबलने अ‍ॅक्सेप्ट म्हटलं म्हणजे फक्त त्या टेबलपुरतं झालं, पॅकेट पुढच्याकडे जातंच. पण कोणीही एकाने ड्रॉप म्हटलं की तिथेच संपलं.

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये पार्सलवाला जातो तसं: मेन गेटच्या वॉचमनने सोडलं तरी विंगच्या खालचा वॉचमन परत विचारतोच, आणि दोघांपैकी एकाने नाही म्हटलं तर पार्सल वर जात नाही.

म्हणून फायरवॉलडी चालू असताना आयपीटेबल्सने पोर्ट उघडला तर काही होत नाही, आयपीटेबल्सने सोडलेलं पॅकेट नंतर फायरवॉलडी अडवतं. आणि आयपीटेबल्समध्ये कुठेतरी जुना ड्रॉप पडून असेल तर फायरवॉल-सीएमडीने शंभर वेळा पोर्ट उघडा, उघडणार नाही.

यातच दुसरा सापळा. रेड हॅट ८ पासून फायरवॉलडीचे नियम एनएफटेबल्समध्ये स्वतःच्या टेबलात जातात. तिथे "आयपीटेबल्स -एल" मारलं तर सगळं रिकामं, सगळीकडे अ‍ॅक्सेप्ट. जुन्या सेंटओएस ७ ची सवय असलेली माणसं हे बघून "फायरवॉलच नाहीये" असं ठरवून मोकळी होतात (सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, पण सवयी अजून आहेत). खरं चित्र "एनएफटी लिस्ट रूलसेट" मध्येच. त्यात आयपीटेबल्सच्या एनएफटीवाल्या कमांडचे नियमही दिसतात. फक्त लेगसीचे दिसत नाहीत, म्हणून शंका आली की "आयपीटेबल्स-लेगसी-सेव्ह" पण मारून बघा.

इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत डॉकर चालत नसेल तर अपडेट-अल्टरनेटिव्हने आयपीटेबल्स लेगसीकडे वळवा असा सल्ला असतो. चालू सर्व्हरवर अजिबात करू नका, काही नियम जुन्या भागात आणि काही नव्या भागात असे विखुरले जातात आणि मग कुठल्याही एका कमांडला पूर्ण चित्र दिसत नाही.

५. एकच मॅनेजर निवडा, बाकीच्यांना बंद करा

माझं मत स्पष्ट आहे: डिस्ट्रोसोबत जे येतं तेच वापरा. रेड हॅट घराण्यात फायरवॉलडी, उबुंटूवर यूएफडब्ल्यू. सर्व्हर राउटरसारखा वापरायचा असेल किंवा नियम खूप गुंतागुंतीचे असतील तरच सरळ एनएफटेबल्स. टीममधल्या एकालाच आवडतं म्हणून उबुंटूवर फायरवॉलडी आणलं की तो माणूस नोकरी बदलतो आणि मागे राहिलेल्यांना निस्तरावं लागतं.

निवड झाली की बाकीच्या सर्व्हिस "सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ" करा आणि वर "सिस्टमसीटीएल मास्क" पण करा. मास्क यासाठी की नुसतं डिसेबल केलेली सर्व्हिस दुसरं कोणी सुरू करू शकतं. फायरवॉलडीच्या युनिट फाइलमध्ये "कॉन्फ्लिक्ट्स" अशी ओळ आहे, त्यात आयपीटेबल्स आणि एनएफटेबल्सच्या सर्व्हिसची नावं आहेत, म्हणजे एनएफटेबल्सची सर्व्हिस सुरू केली की सिस्टमडी फायरवॉलडीला गुपचूप थांबवतो, ना एरर ना काही. दोन्ही इनेबल ठेवून रीबूट केलंत तर शेवटी कोण उभा राहील यावर भरवसा ठेवता येत नाही. तुमच्या सर्व्हरवर काय लिहिलंय ते "सिस्टमसीटीएल शो फायरवॉलडी --प्रॉपर्टी=कॉन्फ्लिक्ट्स" ने बघा. यूएफडब्ल्यू असेल तर आधी "यूएफडब्ल्यू डिसेबल" स्वतः मारा, कोणावर सोडू नका.

फायरवॉलडी स्टॉप केलं की ते डिफॉल्टने आपले नियम पुसून जातं, म्हणजे सर्व्हर उघडा. पण पॅकेज काढलं म्हणजे नियम गेले असं मात्र नेहमी होत नाही, नियम कर्नलमध्ये असतात, हाताने टाकलेले नियम कमांड काढून टाकली तरी रीबूटपर्यंत तिथेच राहतात.

६. चालू सर्व्हरवर बदल करताना

क्रम असा ठेवा.

पहिलं, परतीची सोय. "सिस्टमडी-रन --ऑन-अ‍ॅक्टिव्ह=५मिनिट" देऊन पाच मिनिटांनी फायरवॉल बंद होईल किंवा जुने नियम परत येतील अशी कमांड लावून ठेवा (पाचचा आकडा इंग्रजीत आणि मिनिटासाठी एमआयएन). सगळं नीट झालं की तो टायमर रद्द करा. इंटरनेटवर उघड्या सर्व्हरवर फायरवॉल बंद करणारी नाही, जुने नियम आणणारीच कमांड लावा.

दुसरं, एसएसएचचा नियम आधी, मग इनेबल. उबुंटूवर "यूएफडब्ल्यू अलाउ ओपनएसएसएच" आणि नंतरच "यूएफडब्ल्यू इनेबल". एसएसएच २२ सोडून दुसऱ्या पोर्टवर असेल तर तो पोर्ट नंबर द्या. उबुंटू-डेबियनवर फायरवॉलडी टाकलं तर ते टाकल्या टाकल्या सुरू होतं आणि पब्लिक झोनमध्ये (झोन म्हणजे नेटवर्क इंटरफेसला लावायचा नियमांचा गट) एसएसएच, म्हणजे २२, आणि डीएचसीपी-व्ही६ क्लायंट एवढंच उघडं असतं. २२२२ वर एसएसएच चालवणाऱ्यांनी नीट ऐका.

तिसरं, तपासणी नेहमी नव्या सेशनमधून. जुनं सेशन चालू राहतं कारण आधीपासून जोडलेल्या कनेक्शनला सोडायचा नियम असतो, ते बघून "चालतंय" असं समजू नका. तिसरी विंडो उघडा, नव्याने लॉगिन करा. जमलं तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, कारण ऑफिसचा आयपी कुठेतरी वेगळा अलाउ केलेला असतो.

चौथं, फायरवॉलडीत आधी "--परमनंट" न लावता बदल करून बघा. असा बदल रीलोड किंवा रीबूट झाला की जातो, म्हणजे चुकलंच तर परत यायला वाट आहे. नीट चाललं की "फायरवॉल-सीएमडी --रनटाइम-टू-परमनंट". याचं उलट टोक म्हणजे परमनंट लावलं पण रीलोड विसरलं, मग पोर्ट उघडलाच नाही. आणि झोन बघा, "--गेट-अ‍ॅक्टिव्ह-झोन्स", नेटवर्कमॅनेजरने इंटरफेस दुसऱ्या झोनमध्ये टाकलेला असेल तर तुमचा पब्लिकमधला नियम तिथे लागू होत नाही.

७. डॉकर असेल तर

"यूएफडब्ल्यूमध्ये ८०८० डिनाय आहे तरी बाहेरून उघडतंय." हे ऐकलं की मी आधी विचारते, डॉकर आहे का. डॉकर पोर्ट पब्लिश करताना, म्हणजे कंटेनरचा पोर्ट बाहेर देताना, पॅकेटचा पत्ता प्रीराउटिंगमध्येच (पॅकेट आत आल्या आल्याचा टप्पा) बदलतो, मग ते पॅकेट कंटेनरकडे जायला फॉरवर्डच्या (पुढे पाठवायच्या) वाटेने जातं, इनपुटच्या (सर्व्हरसाठीच आलेल्या पॅकेटच्या) नाही. तुमचा यूएफडब्ल्यूचा साधा नियम इनपुटवर बसलेला असतो, त्याला ते पॅकेट भेटतच नाही. यात यूएफडब्ल्यू बिघडलेली नाही, दोघं वेगवेगळ्या वाटेवर उभे आहेत एवढंच. डेटाबेसचा कंटेनर असा जगाला उघडा राहिलेला असू शकतो, तेव्हा आजच तपासा.

उपाय दोन. बाहेरून लागतच नसेल तर पब्लिश करताना पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लावा, म्हणजे फक्त त्याच मशिनवरून पोहोचता येईल. बाहेरून काहींनाच द्यायचं असेल तर डॉकर-यूझर नावाची चेन वापरा, डॉकरने ती आपल्यासाठीच मोकळी ठेवलीय. तिथे एक लक्षात ठेवा, पॅकेट तिथे पोहोचेपर्यंत पत्ता बदललेला असतो, म्हणून पोर्ट लिहिताना कंटेनरच्या आतला पोर्ट, बाहेरचा नाही.

एनएफटेबल्सची कॉन्फिग फाइल बघा, डेबियनमध्ये तिच्या सुरुवातीलाच "फ्लश रूलसेट" असतं. म्हणजे सगळं पुसा. यात डॉकरचे नियम पण गेले, फेल२बॅनचे पण. कंटेनर चालू दिसतात पण नेटवर्क मेलेलं. मग डॉकर रीस्टार्ट करावा लागतो, आणि लाइव्ह-रिस्टोर (डॉकर थांबला तरी कंटेनर चालू ठेवणारी सेटिंग) लावलेलं नसेल तर सगळे कंटेनर एकदा खाली जातात. म्हणून फाइलमध्ये फ्लश रूलसेटऐवजी फक्त आपलं टेबल पुसा आणि भरा, आणि सर्व्हिस रीस्टार्ट न करता आधी "एनएफटी --चेक --फाइल" ने तपासून मग "एनएफटी --फाइल" ने भरा.

८. अजून दोन ठिकाणं बघायची राहतात

क्लाउडवर असाल, समजा एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये, तर सिक्युरिटी ग्रुप हा वेगळाच थर आहे, तो ऑपरेटिंग सिस्टमच्या आतून दिसत नाही. एनएफटी लिस्ट रूलसेट स्वच्छ असून पोर्ट बंद असेल तर तिकडे बघा. आणि एसएसएचचा पोर्ट बदलताना रेड हॅटवर एसईलिनक्सला (कुठल्या सर्व्हिसला काय करू द्यायचं ते ठरवणारी कर्नलमधली सुरक्षा) पण सांगावं लागतं, "सीमॅनेज पोर्ट" ने, नाहीतर फायरवॉल उघडी आणि एसएसएचडी सुरूच होत नाही.

लॉगचं पण लगेच करून टाका. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टमचे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, ऑडिटवाले विचारतात. फायरवॉलडीत "--सेट-लॉग-डिनाइड=ऑल", यूएफडब्ल्यूत "यूएफडब्ल्यू लॉगिंग ऑन". डिस्क भरणार नाही एवढं लॉगरोटेट (जुन्या लॉग फाइल ठरावीक काळाने काढणारं टूल) बघून घ्या, आणि लॉगरोटेट १८० दिवसांच्या आत फाइल उडवत असेल तर त्याआधी दुसऱ्या मशिनवर पाठवायची सोय करा.

९. रीबूट करून बघा

शक्य असेल त्या सर्व्हरवर मेंटेनन्स विंडोमध्ये एकदा रीबूट कराच, कारण आत्ता चालतंय म्हणजे बूटनंतर चालेल असं नाही. रीबूटनंतर चार गोष्टी: ठरवलेल्या मॅनेजरची सर्व्हिस अ‍ॅक्टिव्ह आहे का, बाकीच्या मास्क आहेत का, "एनएफटी लिस्ट रूलसेट" आधी सेव्ह केलेल्या कॉपीशी जुळतंय का (काउंटर आणि हँडलचे आकडे वेगळे येणारच, ते सोडा), आणि बाहेरच्या मशिनवरून एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारं टूल) लावून उघडे पोर्ट तुमच्या यादीएवढेच आहेत का. आयपीव्ही६ वरूनही एनमॅप लावा, यूएफडब्ल्यूच्या डिफॉल्ट फाइलमध्ये आयपीव्ही६ नो असेल तर व्ही४ चे तुमचे अलाउ-डिनाय व्ही६ ला लागूच होत नाहीत. जुळलं की नवीन रूलसेटची कॉपी आणि मॅनेजर कुठला आहे ते एका ओळीत चेंज तिकिटाला जोडा आणि तिकीट बंद करा.